करडी जोडी, पिवळी जोडी

आमच्या घरात स्पीकर घ्यायचे ठरले आणि दुसऱ्याच दिवशी डेसिबल भावजी हजर झाले. पिकल्या फळाची खबर माशीला कोण देतं, ते मला अजून कळलेलं नाही.

भावजी माझे धाकटे दीर. सभा, लग्नं, शाळांची मैदानं, जिथे माणसं जमतील तिथे भाड्याने लाउडस्पीकर लावायचा त्यांचा धंदा. पंचवीस वर्षं या माणसाने एकाच गोष्टीचा विचार केला, की शेवटच्या रांगेतल्याला सुटून कसं जाऊ द्यायचं नाही. स्वतः मात्र कामावर असताना दोन्ही कानांत कापसाचे बोळे. आचाऱ्याने घरून डबा आणावा, तसं. डेसिबल हे नाव माझ्या नवऱ्याने ठेवलेलं. त्याने आयुष्यात केलेला तो एकच विनोद, म्हणून मी जपून वापरते.

"आठ इंची घ्या, वहिनी," चप्पल काढता काढताच ते म्हणाले. "छातीत वाजलं पाहिजे."

मी अंगाया करते. अंगाई छातीत वाजवायची.

माझं काम असं. मी गाणं लिहिते, चाल लावते, गाणारी मुलगी येऊन गाऊन जाते, आणि मग मी माझ्या खोलीत बसून त्याचं मिक्सिंग करते. आवाज किती पुढे घ्यायचा, बासरी किती मागे ठेवायची, कुठल्या ओळीला पांघरूण घालायचं आणि कुठलीचं काढायचं. तीस वर्षं हेच केलं. या खेपेला मुलांची गाणी काढणाऱ्या एका कंपनीने माझ्याकडे बारा अंगाया सोपवल्या होत्या. पहिलीच अंगाई तीनदा परत आली.

सांज सावळी सावळी, सावकाश आली दारी
सोनसावल्या सोडून, सूर्य निजला माघारी

कंपनीतल्या बाईंनी फार गोड शब्दांत कळवलं होतं. गाणं सुंदर आहे, पण स आणि श बोचतात. सहा घरांत लावून पाहिलं, चार घरांत बाळ दचकून उठलं. चौथ्यांदाही असंच झालं तर नाइलाजाने बाराच्या बारा अंगाया त्या दुसऱ्या स्टुडिओकडे द्याव्या लागतील. दुसरा स्टुडिओ म्हणजे तीन मजली, लिफ्टवाला. तिथे बसलेला गृहस्थ बासरीची पाण्याची टाकी करून टाकतो, पण त्याच्याकडून काही परत येत नाही.

मला बाराचं दुःख नव्हतं. भीती होती ती पुढची. अंगाईने बाळ उठवलं, ही बातमी या धंद्यात एका दुपारीत सगळीकडे फिरते. त्यानंतर मला कोणी दारावरची घंटा तपासायलासुद्धा बोलावलं नसतं.

म्हणून मी गुन्हेगार शोधला. वीस वर्षांपूर्वी बैठकीच्या खोलीसाठी घेतलेल्या म्युझिक सिस्टिमचे दोन स्पीकर, त्यांच्यावरच मी आजवर काम करत आले होते. ते खोटं बोलतात, त्यामुळे माझं गाणं बाहेर जाऊन वेगळं वाजतं, असा मी निकाल दिला. त्यांची बाजू मांडायला कोणी नव्हतं. नवऱ्याने मान डोलावली. तो कशालाही डोलावतो. पंखा लावला तरी डोलावतो.

माझी खोली नऊ बाय दहा. पूर्वी तिथे ट्रंका, मोडके पाट आणि सासऱ्यांची कागदपत्रं असत. आता दोन भिंतींना गोधड्या टांगलेल्या, कोपऱ्यात उभी केलेली गादी, पाठीमागे पुस्तकांचं कपाट, म्हणजे आवाज आपटून परत येऊ नये. इतक्या खोलीत आठ इंची पडद्याचा स्पीकर ठेवला की खालचा सूर कोपऱ्यात साचतो, फुगतो, आणि सगळं गाणं त्यात बुडतं. पाच इंची पुरतो. हे मी भावजींना समजावून सांगितलं. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, मग दहा इंची बघू या का.

दुकानात त्यांना न सांगता गेले.

दुकानदाराला एकच शब्द येत होता, सपाट. मॉनिटर म्हणजे मिक्सिंगचा खास स्पीकर, सपाट आवाज, मॅडम. वाढवत नाही, लपवत नाही, एकदम सपाट. सात जोड्या दाखवल्या, सातही सपाट. एक दुसरीहून जास्त सपाट कशी, ते विचारल्यावर त्याने पुठ्ठ्यावरचा आलेख दाखवला. मग त्याच्या गालिचा घातलेल्या खोलीत बसवून त्याने ठेवणीतला नमुना लावला. डावीकडून काच फुटली, उजवीकडून घोडा धावत आला, मध्ये कोणीतरी कुजबुजलं. मी म्हटलं, मला घोडा घ्यायचा नाही.

शेजारच्या खुर्चीवर एक जण आपलं लाडकं गाणं लावून डोळे मिटून बसला होता. अशा लोकांची मला कीव येते. लाडकं गाणं डब्यातूनही लाडकंच लागतं. आईचा आवाज टेलिफोनवर गोड वाटतो म्हणून टेलिफोन चांगला ठरत नाही. स्पीकर पारखायला न्यायचं ते आपलं बिघडलेलं काम. जो स्पीकर त्याची लाज काढेल, तो घरी आणायचा. मी तीनदा परत आलेली अंगाई बरोबर नेली होती आणि त्या डोळे मिटलेल्या माणसाशेजारी बसून मला स्वतःविषयी फार चांगलं वाटत होतं.

दुकानातल्या गर्दीत नीट काही कळेना. शेवटी दुकानदाराने दोन जोड्या आठवडाभर घरी न्यायला दिल्या. एक करडी, हिशोबनिसाच्या सदऱ्यासारखी. दुसरी पिवळ्या पडद्यांची, झगझगीत. सोमवारी संध्याकाळी ती खोकी घरात आली.

मी हातपाय धुऊन येईपर्यंत भावजींनी करडी जोडी कपाटाच्या माथ्यावर आडवी निजवली होती. वरून आवाज लांब जातो, म्हणे. नऊ बाय दहाच्या खोलीत आवाज कुठे गावाला जाणार होता? मी त्यांना खाली उतरवलं. जोडीला आणि दिरालाही. मॉनिटर कानाच्या उंचीवर लागतो. डावा, उजवा आणि आपलं डोकं, तिघांमध्ये सारखं अंतर लागतं, आणि दोघांची तोंडं आपल्याकडे जरा वळलेली. त्यासाठी टेप हवी होती, म्हणून वन्संना हाक मारली.

वन्सं म्हणजे माझी सर्वांत धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दप्तर घेऊन शाळेत जायची आणि तेवढ्याशा पोरीला मी चेष्टेने वन्सं म्हणायचे. चेष्टा संपली, नाव राहिलं. आता चाळिशी ओलांडली आहे. शेजारच्या खोलीत शिवणाचं मशीन घेऊन बसते, शाळांचे गणवेश शिवते. गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नाही. मी तीस वर्षांत केलेल्या प्रत्येक गाण्यावर तिचा एकच अभिप्राय आहे, "छान आहे, पण लांब आहे." तिने गळ्यातली टेप काढली, माझ्या कानापासून डाव्यापर्यंत, उजव्यापर्यंत आणि दोघांच्या मध्ये मोजलं, एकाला अर्धा इंच पुढे सरकवलं, आणि कोणाला न विचारता आपल्या मशीनवर जाऊन बसली.

करड्या जोडीवर अंगाई लावली. मळकी वाटली. गोधडीखालून कोणी गात असावं तशी. सांज होती, पण तिच्या कडा नव्हत्या. मी मनातल्या मनात दुकानदाराचा उद्धार केला. मग पिवळी जोडी लावली आणि खोलीची खिडकी उघडल्यासारखं झालं. प्रत्येक स स्वच्छ, प्रत्येक श धुतलेला, गाणाऱ्या मुलीचा श्वाससुद्धा वेगळा काढून ठेवावा असा.

हीच, मी म्हटलं. भावजींनी मान हलवली. नवऱ्याची हलतच होती.

शेजारचं मशीन थांबलं. वन्सं दारात येऊन उभी राहिली. तिने डावा कान तळहाताने झाकला होता.

"वहिनी, हे बंद करा. सुई बोथट झाली की कापडात अशीच घुसते. प्रत्येक स ला."

"आणि मघाशी?"

"मघाशीही टोचत होतं. आता भोसकतंय."

मी तिला समजावलं. वन्सं, याला स्पष्टपणा म्हणतात, तुमच्या कानाला सवय नाही. ती म्हणाली, बाळाच्या कानाला कुठे असते. मी तिला पाणी आणायला पाठवलं. काही माणसांना खोलीबाहेर काढायचं तर काहीतरी आणायलाच पाठवावं लागतं.

पण करडी जोडी मेलेली आहे हे चारचौघांत सिद्ध केल्याशिवाय मला चैन पडेना. आणि भावजींकडे त्याचं साधन होतं. त्यांच्या मोबाइलमध्ये एक शिट्टी होती, समारंभाआधी लाउडस्पीकरची खोकी तपासायला ते ती वाजवायचे. खालच्या सुरापासून निघायची आणि वर वर चढत जायची. मोबाइलवर सुराच्या उंचीचे आकडे पळायचे. मी म्हटलं, लावा ती करड्यांवर, ऐकू येतंय तोवर सगळ्यांनी हात वर ठेवायचा. बघू या ही जोडी कुठे मान टाकते ते.

चौघं बसलो. नवरा खुर्चीवर, भावजी भिंतीला टेकून, वन्सं पाण्याचा तांब्या एका हातात धरून. दुसरा वर. शिट्टी निघाली. घुमली, मग सरळ झाली, मग बारीक होत होत दोऱ्यासारखी झाली, आणि तुटली.

मी हात खाली केला. "इथे संपले," मी म्हटलं. "किती आकडा?"

"सात हजार," भावजी म्हणाले.

"बघा. सात हजारांत गार. आणि याला तो माणूस सपाट म्हणतो."

मी वळून पाहिलं. तिघांचे हात वर होते.

माझ्या नवऱ्याला दारावरची थाप ऐकू येत नाही. त्याचा हात दहा हजारांवर हळूच खाली आला. भावजींचा बारावर. ज्या माणसाने पंचवीस वर्षं लोकांचे कान फोडले, त्याचे स्वतःचे कापसात गुंडाळलेले दोन कान शाबूत होते. वन्संचा हात वरच होता. पंधराच्याही पुढे कपाळाला आठी घालून ती तिथे काहीतरी ऐकत होती, जिथे माझ्यासाठी कुठलीही खोली नव्हती, कुठलंही गाणं नव्हतं.

मग भावजींनी मोबाइल खिशात टाकला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मोबाइल जुना झालाय, वहिनी. काहीतरीच दाखवतो."

या माणसाने मला सावरून घ्यावं, इतकी मी घसरले होते. मी म्हटलं, असल्या मोबाइलवर विसंबून धंदा करता म्हणून तुमची खोकी शिट्ट्या मारतात. आणि सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. या वेळी काही आणायला पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार लावून संगणकावर कामाचा इतिहास उघडला. सगळं तिथे लिहिलेलंच होतं, मीच कधी वाचलं नव्हतं. पहिल्यांदा गाणं परत आलं तेव्हा मी स खाली आणला होता. मग गाणं झाकोळल्यासारखं वाटलं, म्हणून वरचे सूर उचलले. त्याबरोबर स पुन्हा वर. दुसऱ्यांदा परत, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुन्हा. मला ऐकू येईपर्यंत मी आवाजाला धार लावत गेले होते, आणि मला ऐकू येईपर्यंत धार लावलेली ती वस्तू सहा घरांत नेऊन पाळण्यात ठेवली होती. गाणी भरून घेताना रस्त्यावरच्या गोंगाटावर मात करायला तीस वर्षं कानांवर हेडफोन आणि आवाज पुरा. लोकांच्या गाण्यांचे कानेकोपरे पुसणारी मी, आपल्या घरातली ही पडझड मला कोणी सांगितली नाही. कोण सांगणार? जो सांगायला आला त्याला मी पाणी आणायला पाठवत होते.

तरी अजून एक चोरवाट होती. पिवळी जोडी. ती वरचे सूर आपणहूनच उजळून दाखवत होती, चष्म्यासारखी. तिच्यावर काम केलं तर मला धार लावावीशी वाटणार नाही, आणि कोणाला काही सांगावंही लागणार नाही. दार लावायचं, पिवळी जोडी लावायची, बारा अंगाया करून द्यायच्या. मंगळवार आणि बुधवार मी तेच केलं. मला छान वाटेल असं मिक्स तयार झालं.

पण ते खरंच छान आहे का? करड्यांवर लावलं, मळकं. जुन्यांवर लावलं, मळकं. तेही बरोबर मळकं आहे की चूक मळकं, हे मला कळेना. चष्मा किती नंबरचा बसला हे ठरवायलाही डोळा लागतो. शुक्रवारी गाणं पाठवायचं होतं.

गुरुवारी दुपारी मी वन्संच्या खोलीत गेले. ती बाह्या जोडत होती. मी दोन मिनिटं उभी राहिले. तिने वर पाहिलं नाही. ती असंच करते, माणसाला आपलं काम आधी बोलून दाखवायला लावते.

"वन्सं, जरा खोलीत येता?"

"चाळीस बाह्या आहेत."

"अंगाई ऐकायची आहे."

"ऐकलीय ना. तीन आठवडे भिंतीतून ऐकतेय."

"मला ऐकू येत नाहीये," मी म्हटलं. "स. मला तो पूर्ण ऐकूच येत नाही. कुठे बोचतो ते तुम्ही सांगा, मी कमी करते."

पायाखालची पट्टी थांबली. तिने दोरा दाताने तोडला, बाही बाजूला ठेवली आणि उठली. चकार शब्द न बोलता. तेवढ्यासाठी मी तिच्या आजवरच्या चुका माफ केल्या. पुढच्या पाच मिनिटांत त्यातल्या निम्म्या परत घेतल्या, कारण ती माझ्या खुर्चीवर बसली.

करडी जोडी लावली. मी बाजूला उभी, हात बटणावर. ती डोळे मिटून बसली आणि जिथे टोचेल तिथे बोट वर करत गेली. सांज ला बोट. सावळी ला बोट. सोनसावल्या ला दोन्ही बोटं. तिला आमचे शब्द येत नव्हते, तिचे मला समजत होते. इथे टीप घट्ट बसलीय. इथे कापड ओढलं जातंय. इथे नुसती सुई दिसते, दोरा दिसत नाही. मी एकेक रेघ खाली येत गेले.

खाली येताना गाणं माझ्यापासून दूर जाऊ लागलं. आधी कडा गेल्या. मग गाणाऱ्या मुलीचा श्वास गेला, मग ओठ गेले, आणि उरला तो भिंतीपलीकडून यावा तसा नुसता सूर. दारी ऐकू येत होती, दारी आलेली सांज नव्हती. चाल मी लावलेली, ओळी मी लिहिलेल्या, आणि मी माझ्याच गाण्याच्या उंबऱ्याबाहेर उभी. मला वाटलं, ही बाई माझं गाणं पुरून टाकतेय, आणि माती मीच लोटतेय.

"अजून थोडं," ती म्हणाली. मी अर्धी रेघ खाली आले. मला काही फरक कळला नाही.

"आता?"

"बास. आता हात लावू नका."

तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर डोळे उघडायला तिला जरा वेळ लागला. मी अभिप्रायाची वाट पाहिली.

"लांब आहे," ती म्हणाली आणि बाह्यांकडे निघून गेली.

शुक्रवारी मी ते गाणं पाठवलं. अर्धं ऐकू येणारं आपलं काम पाठवायचं म्हणजे डोळे बांधून पत्रावर सही करण्यासारखं. शनिवारी कंपनीतल्या बाईंचं उत्तर आलं. पाच घरांत बाळं झोपली. सहाव्या घरातल्या बाळाला दात येत आहेत, ते धरू नका. उरलेल्या अकरा कधी देता?

भावजींनी पुढचे दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं की स्पीकर बदलल्यावर हा फरक पडतो आणि आठ इंची घेतले असते तर सहावंही झोपलं असतं.

सोमवारी करडी ठेवून पिवळी जोडी परत करायला गेले. वन्सं बरोबर होती, तिला त्याच रस्त्यावर दोऱ्याची रिळं घ्यायची होती. दुकानदाराने खोकं उघडून पाहिलं आणि छापील कागद पुढे ओढला. परत करण्याचं कारण.

"आवाज आवडला नाही का, मॅडम?"

"फार आवडला. म्हणूनच परत करतेय."

त्याने पेन उचलून धरलं. अशी कुठल्याच रकान्यात न बसणारी गिऱ्हाइकं त्याला पसंत नसावीत. मी म्हटलं, लिहा, बिघाड गिऱ्हाइकाच्या कानात आहे, सात हजारांच्या वर. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वन्संकडे. ती म्हणाली, लिहा, खरं आहे. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि कागद सहीसाठी फिरवला. मी सही केली. तीस वर्षांत कुठल्याही गाण्याखाली मी इतकी स्वच्छ सही केली नव्हती.

रस्त्यावर आल्यावर वन्संने विचारलं, उरल्या किती?

"अकरा."

तिने रिळांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"एका अंगाईला दहा काजं," ती म्हणाली. "सदऱ्यांची. हाताने करायची."

"मला काजं येत नाहीत, वन्सं."

"शिकाल," ती म्हणाली. "डोळे आहेत ना अजून."